सुगत आला!

मुलगा दिवसभर खोलीचं दार लावून गेम खेळतो, एका घरात राहून आपल्याशी बोलत नाही, म्हणून अंबडच्या कंपनीत सुपरवायझर असलेल्या पगारेंनी सरळ हिशेब मांडला: गेमच घराबाहेर काढला, की मुलगाही बाहेर येईल. रविवारी शाळेचा हॉल मागून घेतला, स्वतः वायरी ओढल्या आणि सुगतच्या सगळ्या मित्रांना कॉम्प्युटरसकट बोलावलं. स्वतःच्या लग्नातही या माणसाने एवढी धावपळ केली नव्हती. सुगत एवढंच म्हणाला, "बघतो."

मित्र आले, हेडफोन चढवून बसले, खेळ रंगला. पगारे वडापाव वाटत होते आणि दाराकडे बघत होते.

"ए, सुगत आला! आता तुमचं काही खरं नाही!" एक पोरगा ओरडला.

पगारे वडापावची पिशवी तिथेच ठेवून दाराशी पळाले. दारात कुणीच नव्हतं.

"काका, तिकडे कुठे? इकडे बघा!" पोरगा स्क्रीनवर बोट ठेवून हसला. "घरूनच खेळतोय तो. बोलायचंय का? घ्या, हेडफोन लावा."

हेडफोनमध्ये सुगत कुणाला तरी चिडवत खदखदून हसत होता. घरात त्याला असं हसताना पगारेंनी कधी ऐकलं नव्हतं. ते माईकमध्ये म्हणाले, "जेवलास का रे?"

हसणं थांबलं.



"कोण बोलतंय?"