ताईच्या निरोपाची प्रत

पेनड्राइव्ह बिघडला, आणि तोही आपल्याच हातून, हे आईला सांगायचं कोणत्या तोंडाने?

ताई घर सोडून गेली त्याला वर्ष होत आलं होतं. मागे राहिला होता हा एवढासा पेनड्राइव्ह आणि त्यात तिच्या आवाजातला निरोप. ‘मी माझ्या मर्जीने जातेय. मला शोधू नका.’ पोलिसांनी तो ऐकला आणि बाई सज्ञान आहे म्हणून हात झटकले. भावोजींनी मात्र तो जिवापाड जपला. आईने फारच गळ घातली तेव्हा कुठे त्यांनी प्रत काढायला ताईच्या धाकट्या भावाच्या हाती दिला.

आणि धाकट्याने नको तिथे शहाणपणा केला. फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. त्याला एक खोड होती. कॉपी करता करता तो मूळ पेनड्राइव्हवरची मांडणीच विस्कटायचा, मग एका फाइलीत दुसरीचे तुकडे घुसायचे. ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंच्या लग्नाच्या फोटोत नवऱ्याच्या डोक्याच्या जागी त्यांनी केव्हाच पुसून टाकलेल्या फोटोतलं मांजर उगवलं होतं. सगळे पोट धरून हसले होते. ती खोड आपण मोडली, अशी त्याची समजूत होती.

आता ताई अडखळत एकच वाक्य म्हणत होती. ‘मी माझ्या मर्जीने... मी माझ्या... मर्जीने जातेय...’ मध्ये खरखर, की पुन्हा तेच.

त्याने भावोजींना फोन केला.

“जाऊ दे रे,” ते म्हणाले. “तू काय मुद्दाम केलंस? टाकून दे तो. कधीतरी विसरायला शिकलंच पाहिजे.”

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“ती काहीतरी सांगतेय रे.”

“आई, तो बिघाड आहे. तुकडे एकावर एक चढलेत.”

“बिघाड असा रडवेला असतो होय?”

त्याने पेनड्राइव्हवरचा कण न् कण वाचायला घेतला. पुसलेलं, न पुसलेलं, सगळं. जो तुकडा जिथे पडला होता तिथून उचलून क्रमाने जोडत गेला. ताईचा आवाज आईला परत मिळाला नाही, तर या घरात मान वर करून जेवता येणार नव्हतं.

काम झालं तसं आईनेच भावोजींना बोलावून घेतलं. ते ऑफिसातून परस्पर आले. येताना आईच्या गुडघ्यांसाठी मलम आणायला विसरले नाहीत. सोफ्यावर तिच्याशेजारी बसले.

“आई, कशाला खपली काढायची?”

“एकदाच, जावईबापू. तुम्हीही ऐका. तुमचं तरी कोण आहे आता?”

धाकट्याने बटण दाबलं. खरखर गेली होती. ताई जणू शेजारच्या खोलीतून बोलत होती.

‘मी माझ्या मर्जीने जातेय. मला शोधू नका.’

आईने तोंडावर हात धरला. भावोजींनी तिचा दुसरा हात हातात घेतला. धाकट्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि बंद करायला हात पुढे केला.

‘मी माझ्या मर्जीने जातेय...’

तो ओशाळला. म्हणजे खोड अजून गेलीच नव्हती. पण या खेपेला ताई ‘मर्जीने’पाशी अडली, आवंढा गिळून पुढे गेली. त्यानंतरच्या खेपेला तर तिला वाक्य पुरंच करता आलं नाही. हुंदका फुटला, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई ताठ बसली.

मग स्पीकरमधून भावोजींचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ.

‘पुन्हा. आणि या वेळी रडू नकोस.’