म्हशीची जागा

कपाशीवर फवारणी होती. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं तसा साऱ्या रानात वास सुटला. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात.

सासरे आधी धावले ते लिंबाखालच्या म्हशीकडं. "उत्तरेश्वर, पंप ठिव आन् म्हस वरच्या बांधावर न्हे. वारा तिकडं जात न्हाई. गाभण हाय ती, ह्या वासानं गाभ टाकंल."

माझ्या नवऱ्यानं निमूट म्हैस नेली. ह्या रानातलं गवत तिच्या तोंडी नको म्हणून घरून आणलेला कडबा टाकला, बादलीभर पाणीही ठेवलं.

मग सासरे माझ्यावर खेकसले, "सुनिता, हुबी कावून ऱ्हायलीस? पाणी आण, औषध कालव."

मी विहिरीवरून हंडे वाहिले, औषध ओतलं, काठीनं ढवळलं. शिंतोडे हातापायांवर उडाले, डोळे चुरचुरायला लागले. तोंडाला पदर बांधला तरी वास थेट आत उतरत होता.

"मामा, लई मळमळतंय," मी म्हणाले.

"त्याला काय हुतंय? चार पंप तर ऱ्हायलेत."

माझं डोकंच फिरलं. हंडा तिथंच आदळला, तरातरा वरच्या बांधावर गेले आणि म्हशीला खेटून बसले.

"ए, तितं कावून बसलीस?" खालून सासरे ओरडले.

 

"मलाबी सहावा महिना लागलाय, मामा!"