हातभर कमी

"उंची मोजायची तर यंत्र या दगडांच्या ढिगावर ठेवा," सरपंच दरडावले. डोंगर चढून माझे पाय भरून आले होते आणि ऊन उतरत चाललं होतं.

"रचलेला ढीग धरत नाहीत. कातळ मोजतात," मी म्हणाले.

"काल पलीकडच्या गावात चहा प्यालात, म्हणून त्यांचाच डोंगर उंच ठरवताय! आमच्या जत्रेला घरटी एक दगड या ढिगावर चढतो. तीन पिढ्या!"

मी कातळावरच यंत्र लावलं. यांचा डोंगर पलीकडच्यापेक्षा हातभर कमी भरला. सरपंचांबरोबर आलेली माणसं अंगावर आली. कुणीतरी यंत्राला लाथ घातली. यंत्र सावरायला मी वाकले, तेव्हा कातळावर सगळीकडे पहारीचे घाव दिसले.

"हे दगड आणता कुठून?"

"खालून कोण वाहणार? इथलाच माथा फोडतो."

"मग पलीकडचा डोंगर मी नाही, तुम्हीच उंच केलात."