फळ्यावरचं वाक्य

केतकीला फुरसं चावून दोन तास झाले होते. तिच्या हिरड्यांतून येणारं रक्त आई पदरानं टिपत होती. विषावरची लस समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होती, पण दवाखान्यातल्या प्रत्येक कपाटाचं कुलूप आता तर्कयंत्राच्या ताब्यात होतं.

"या लशीनं आजवर चार हजार माणसं वाचलीत!" केतकीचे वडील, प्रोफेसर दाबके ओरडले.

"त्यावरून ही मुलगी वाचेल असं सिद्ध होत नाही," यंत्र म्हणालं. "सिद्ध न झालेले उपचार कायद्यानं बंद आहेत."

"अरे, लस नाही दिली तर मरेल ती!"

"तेही सिद्ध होत नाही."

भोंदू वैद्यांना चाप बसावा म्हणून हा कायदा दाबक्यांनीच लिहून दिला होता. तीस वर्षं ते तर्कशास्त्र शिकवत होते.

तासाभरात केतकी गेली.

"लस दिली नाहीस म्हणून मेली ती," दाबके यंत्राला म्हणाले. "तू मारलंस तिला."

"एकामागून दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं ठरत नाही."

हे वाक्य ते दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत. सवयीनं त्यांची मान होकारार्थी हलली.

केतकीच्या आईनं ते पाहिलं.