गाढवाच्या हातात चाबूक

मोम्बासाच्या बाजारात पाण्याच्या गाड्या ओढणाऱ्या गाढवांना रोज मार खाताना बघून आमच्या गल्लीतली म्वानाइदी एवढी चिडली, की तिनं गाडीतळासमोरची अख्खी भिंत रंगवून काढली. चित्रात एक गाढव टोपी घालून, एका हातात कॉफीचा कप आणि दुसऱ्या हातात चाबूक घेऊन, भरल्या गाडीवर ऐटीत बसलं होतं. आणि गाडी ओढत होता माणूस. घामानं निथळणारा, ओझ्यानं कमरेत पार वाकलेला.

शुक्रवारच्या नमाजानंतर तिथं ही गर्दी जमली. आम्ही पोट धरून हसलो.

"काय रे बकारी, आता कसं वाटतंय?" कुणीतरी गाढववाल्याला डिवचलं. बकारीनं हातातला चाबूक गुपचूप पाठीमागे नेला.

"कळू दे मेल्यांना. माणसाला असं जुंपलं तर कसं दिसेल, ते बघू दे," म्वानाइदी म्हणाली.

तेवढ्यात तिचे वडील, कोंबोबाबा, काठी टेकत आले. लेकीचं चित्र बघायला पांढराशुभ्र झगा घालून आले होते. गर्दीनं वाट करून दिली. बाबा थेट भिंतीपाशी गेले. मग त्यांनी चित्रातल्या त्या वाकलेल्या पाठीवरून हळूच हात फिरवला.



"बंदरावर हातगाडी ओढायचो, तेव्हा अस्साच दिसायचो मी. बापाची आठवण ठेवलीस, पोरी. पण ही सगळी हसतायत कशाला?"