विजार

"नेल्डा आजी, तू मेल्यावर तुला कुठल्या बाजूला पुरायचं? बायकांच्या की बाप्यांच्या?"

विचारून टाकलं एकदाचं! टॅरिन एक पाऊल मागे सरली. अंगणाच्या भिंतीवर बसलेली शर्ला आणि तिच्या दोन्ही बहिणी बाहीत तोंड खुपसून फिदीफिदी हसल्या. पैज त्यांनीच लावली होती.

नेल्डा आजी, टॅरिनच्या आईच्या आईचं भावंड, मातीच्या घुमटीसारख्या भट्टीतून राख ओढत होती. सत्तरी ओलांडलेली, दारात उभी राहिली तर दार भरेल असे खांदे, अंगात फुलाफुलांचा झगा. तिनं मक्याच्या कणसाचं एक साल भट्टीत टाकलं. ते क्षणात काळं झालं.

"फार तापलीय," ती म्हणाली. मग मान न वळवताच, "कुणी पाठवलं गं तुला? त्या भिंतीवरच्या कावळ्यांनी?"

टॅरिननं नकळत भिंतीकडे पाहिलं.

"दक्षिणेला. बाप्यांच्या बाजूला. पण झगा घालून. माझा काळा, मी स्वतः विणलेला. आणि झग्याच्या आत विजार. ल्हामाना अशीच जाते मातीत. जगते बाईसारखी, पण जन्माला बाप्या म्हणून आली तेही विसरत नाही. झालं समाधान? जा, सांग त्यांना."

टॅरिन जायला वळली, पण तिला राहवेना. "आहे तुझ्याकडे विजार?"

"झगा आहे, पट्टा आहे, शाल आहे. पेटीत घडी घालून ठेवलंय सगळं. विजार तेवढी नाही. उभ्या जन्मात घातली नाही, आता काय हौसेनं शिवत बसू? वाटलं होतं, घरातलं कुणीतरी शिवेल."

तेवढ्यात वर्नन मामाचा ट्रक फाटकाशी करकचून थांबला. मामा उतरला तो पिशवीतून कडक निळी जीन्स बाहेर काढतच. लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

"नेल्सन, उद्या ही घालायची. गॅलप शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय, पुरुषांच्या खोलीत. झग्यात घेत नाहीत तिथे. केस पण कापावे लागतील."

भिंतीवर हशा पिकला.

"माझं नाव नेल्डा."

"कागदावर नेल्सन आहे."

"मग कागदाला सांग पाव भाजायला."

आई कणकेच्या गोळ्यांची परात घेऊन दारात आली होती. मामा तिच्याकडे वळला. "ताई, लोक हसतात! सगळं झुनी गाव हसतंय! माझ्या पोरांना शाळेच्या बसमध्ये चिडवतात."

"पाव होऊ दे, वर्नन. मग बोलू."

"मग, मग म्हणत वर्ष घालवलंस!"

"वर्नन," नेल्डा आजी म्हणाली, "तुझी आई कामाला जायची तेव्हा तुला पाठीशी बांधून कोण हिंडायचं रे गावभर?"

"म्हणून तर अख्खं लहानपण मार खाल्ला मी शाळेत!" मामाचा आवाज फाटला. त्यानं जीन्स तिच्या अंगावर भिरकावली. ती राखेत पडली. "सकाळी आठला येतो. तयार राहायचं."

ट्रक धूळ उडवत गेला. खिडकीत बाबा चांदीच्या कड्यात फिरोजा बसवत होते. लग्न करून या घरी आलेला माणूस. घरच्या भांडणात ते कधी तोंड घालत नसत. त्यांची मान आणखी खाली गेली.

नेल्डा आजीनं जीन्स उचलली. झटकली. बादलीत बुडवली, लांब काठीच्या टोकाला घट्ट बांधली आणि त्या ओल्या बोळ्यानं भट्टीचा तळ पुसायला लागली. चर्रर्र! वाफेचा लोट उठला. मग तिनं दुसरं साल टाकलं. ते सावकाश सोनेरी झालं.

"आता बरोबर," ती म्हणाली. पण परातीतला पहिला पाव तिनं आत सोडला तो वाकडा बसला. आजपर्यंत तिचा पाव वाकडा बसलेला टॅरिननं पाहिला नव्हता.

"ए टॅरिन!" शर्ला ओरडली. "आता विचार ना, आत्ता आत काय घातलंय!"

"उतर."

"काय?"

"भिंतीवरून उतर. माझी भिंत आहे."

"तुझी? कधीपासून?"

"आमच्यात घर लेकीकडे जातं. आईच्या आईची होती. आता आईची आहे. मग माझी. मामाची नाही नि बाबांची पण नाही. उतर म्हणते ना!"

शर्ला उतरली. "वेडी झालीस तू. उद्या बसमध्ये ये, मग दाखवते," असं म्हणत तिघी गेल्या. उद्या बसमध्ये काय होणार ते टॅरिनला पुरेपूर माहीत होतं. तरीही ती तरातरा दाराशी गेली. आई परात धरून तशीच उभी होती.

"आई, सकाळी मामा येईल तेव्हा तू काय सांगणारेस?"

आईनं परातीकडे पाहिलं. "सख्खा भाऊ आहे गं माझा. त्याला नाही म्हणायचं म्हणजे..."

टॅरिननं आत जाऊन शिवणाचा डबा आणला आणि उंबऱ्यावर, आईच्या आणि बाबांच्या बरोबर मधे, बसकण मारली. बाबांनी हातातलं कडं खाली ठेवलं.

"आई, बाबा, ऐका. नेल्डा आजी कुठेही जात नाहीये. तिची मातीत जायची विजार मी शिवणार आहे. विजार पुरी होईपर्यंत आजी इथेच."

"तू?" आई म्हणाली. "तुला साधं बटण लावता येत नाही."

"म्हणूनच वेळ लागेल," टॅरिन म्हणाली आणि दोरा ओला करून सुईत ओवायला लागली. "रोज एकच टाका घालणार."