सातव्या रायफलीवरचा अंगठा

"त्या डागाला हात लावलास तर याद राख," म्हातारी म्हणाली आणि खुर्ची ओढून टेबलाला खेटून बसली.

संग्रहालयाच्या कारागिराने पॉलिश पेपर खाली ठेवला. टेबलावर जुन्या लढाईतल्या सात रायफली होत्या. सगळ्या घासून त्यांच्यावर गंज अडवणारा काळा थर नव्याने चढवा, असा साहेबांचा हुकूम होता. सहा रायफलींच्या नळ्या लाकडाखाली झाकलेल्या होत्या. सातवीचं लाकूड फुटलं होतं आणि तिथे काळ्या नळीवर एक फिकट अंगठा उमटलेला दिसत होता.

दर आठवड्याला म्हातारी त्या अंगठ्यासमोर येऊन उभी राहायची. लढाईत गेलेल्या मुलाचा असणार, असं पहारेकऱ्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तिने कधी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तेवढ्यात साहेबच आले. "आजी, डाग तो डागच. उद्या उद्घाटन आहे."

"मग माझ्यासकट करा. मी हलायची नाही."

"त्या अंगठ्याशी तुमचा संबंध काय? काही पुरावा, कागद?"

"कागद असता तर इथे ठाण मांडून कशाला बसले असते?"

कारागिराने पॉलिश पेपर दूर सारला. "साहेब, ही रायफल मी घासणार नाही. नोकरी गेली तर गेली."

"संध्याकाळी दुसरा माणूस आणतो," म्हणत साहेब पाय आपटत निघून गेले.

कारागिराने भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला. घामाने थर खाल्लेला नव्हता. थर चढण्याआधीच तिथे तेलकट बोट लागलं होतं, म्हणून त्या जागी तो धरलाच नव्हता. रायफल सैनिकाच्या हाती गेली ती त्यानंतर.

"आजी," तो चाचरत म्हणाला, "हा तुमच्या मुलाचा अंगठा नाही हो."

"मला मूलबाळ नाही," म्हातारी म्हणाली. "आता बाकीच्यांची लाकडं काढ."

त्याने पहिलीचं लाकूड उतरवलं. त्याच जागी तोच अंगठा. दुसरीवरही तोच. सहावीपर्यंत सगळ्यांवर तोच.

"नळी काळ्या थराच्या टाकीत सोडताना उघडं बोट लावायला आमच्या कारखान्यात सक्त मनाई होती," म्हातारी म्हणाली, "आणि हजेरीपटावर आम्हा बायकांची नावं घालायलाही."

तिने आपला अंगठा सहाव्या नळीवर टेकवला. तंतोतंत बसला.

"पुरावा मागत होता ना तुझा साहेब? बोलाव त्याला."